स्फटिकापासून एक्स्पोपर्यंत: ओव्हरक्लॉकिंगची पार्श्वभूमी

नवा संगणक जोडला की बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' अशी एक ओळ दिसते. ती चालू केली नाही, तर पाकिटावर 6000 छापलेली डीडीआर5 रॅम बहुतेक वेळा 4800 किंवा 5600 वरच चालत राहते. विकत घेतलेला वेग आपोआप का मिळत नाही, हे नवख्याला कळत नाही. चिप छापील वेगापेक्षा जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यावरून चिपवर वेग छापणारा आणि चिप वापरणारा यांच्यातली रस्सीखेच चाळीस वर्षं चालू आहे, आणि ही ओळ त्यातूनच आली आहे.

1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये 80286 प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झवर चालायचा. मदरबोर्डवर वेगाचा ठोका देणारा 12 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक असे आणि प्रोसेसरला त्याच्या निम्मा वेग मिळे. स्फटिक सॉकेटात बसवलेला होता. तो उपटून 16 चा बसवला, की यंत्र 8 वर धावू लागे. पुढे आयबीएमने सुरुवातीच्या तपासणीतच वेग मोजायला सुरुवात केली. तो जास्त निघाला, तर यंत्र चालूच होईना.

मुळात छापील वेगापलीकडची ही शिल्लक चिपमध्ये उरते कुठून? एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बनलेल्या सगळ्या चिप सारख्या उतरत नाहीत. कंपनी त्या तपासते, वर्गवारी करते आणि भर उष्णतेत अनेक वर्षं चालतील असा वेग त्यांवर छापते. स्वस्त मॉडेलला मागणी जास्त असली, की चांगल्या चिपवरही कमी आकडा छापला जातो.

1992 मध्ये इंटेलचा 486डीएक्स2 प्रोसेसर आला आणि वेगाचे दोन तुकडे झाले: बस (मदरबोर्डकडून येणारा मूळ वेग) 33 मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर (गुणक) 2, प्रोसेसर 66. आजही प्रोसेसरचा वेग असाच गुणाकाराने ठरतो. कमी वेगाच्या चिपवर मोठा आकडा छापून विकणारे व्यापारी निघाले, तेव्हा इंटेलने मल्टिप्लायरला कुलूप लावलं. बस मात्र मोकळीच राहिली.

त्या मोकळ्या दारातून 1998 मध्ये इंटेलचा स्वस्त प्रोसेसर सेलेरॉन 300ए बाहेर पडला. माझ्या मते ओव्हरक्लॉकिंग खऱ्या अर्थाने लोकांचं झालं ते याच चिपमुळे. बस 66, मल्टिप्लायर 4.5, म्हणून 300. बस 100 केली, की थेट 450, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वेगवान पेंटियम टूइतका. सेलेरॉनची 128 केबी कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) चिपमध्येच होती आणि पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची 512 केबी कॅश चिपबाहेर, निम्म्या वेगाने. काही जण तर बी21 या पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. मग मदरबोर्ड आपणहून 100 ची बस निवडायचा. याच सुमारास मदरबोर्ड बनवणाऱ्या अ‍ॅबिटच्या सॉफ्टमेनूने जम्परची (मदरबोर्डवर हाताने बसवायच्या जोडटोप्यांची) कटकट संपवून ही सेटिंग बायोसमध्ये आणली. दोन वर्षांनी इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या ड्यूरॉन आणि अ‍ॅथलॉनवरचे 'एल1' नावाचे तुटलेले पूल (चिपवरच्या बारीक विद्युतजोडण्या) लोक शिसपेन्सिलीने जोडू लागले. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, तेवढ्यावर मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं.

2011 च्या सँडी ब्रिज या पिढीपासून इंटेलच्या चिपवर बसही जखडली गेली. 100 मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकवर बाकीचे घटकही अवलंबून असल्याने तो थोडासाच वाढवता येई. खरी मोकळीक नावात 'के' असलेल्या चिपनाच उरली. त्याआधीच, 2008 च्या कोअर आय7 पासून, टर्बो बूस्ट नावाची, वेग आपोआप वाढवणारी सोय ही शिल्लक स्वतःच वापरू लागली होती. म्हणून आज प्रोसेसर हाताने ताणून फार थोडं मिळतं, आणि तेही महाग पडतं: वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज 10 टक्के वाढवलं, की त्याच वेगाला सुमारे 21 टक्के जास्त वीज आणि तेवढी उष्णता.

रॅमची गोष्ट वेगळी आहे. जेडेक ही संस्था सर्वांना झेपेल असा वेग ठरवते आणि तो रॅमवरच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये लिहिलेला असतो. त्यापलीकडचा, उत्पादकाने तपासलेला वेग त्याच चिपमध्ये वेगळा लिहून ठेवायची पद्धत एनव्हिडिया आणि कॉर्सेअरने 2006 मध्ये ईपीपी या नावाने आणली. 2007 मध्ये इंटेलचा एक्सएमपी आला, 2022 मध्ये एएमडीचा एक्स्पो. नुसत्या आकड्याला मात्र भुलू नये. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणारे क्लॉकचे ठोके. सीएल2 ची जुनी डीडीआर-400 आणि सीएल30 ची डीडीआर5-6000, दोन्हींचा सीएलचा विलंब 10 नॅनोसेकंदच भरतो. वीस वर्षांत वाढलं ते एका दमात वाहून नेलेलं डेटाचं ओझं.

शिवाय ती एक ओळ रॅमपुरती थांबत नाही. रॅमशी देवघेव करणाऱ्या, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरलाही ती पळवते. 2023 मध्ये एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं व्होल्टेज) आपणहून जास्त चढवत होते आणि एएमडीच्या काही रायझन 7000 चिप जळाल्या. त्यानंतर एएमडीने त्या व्होल्टेजवर 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. तेव्हा रायझन वापरत असाल, तर आधी बायोस अद्ययावत करा आणि एक्स्पो चालू केल्यावर तो आकडा स्वतः पाहा. मेमरी टेस्ट तर सगळ्यांनीच रात्रभर चालवावी, कारण रॅमची चूक पडदा निळा करण्याआधी गुपचूप फाइलमध्ये उतरलेली असू शकते.