अर्धी गोधडी आमच्याकडून, अर्धी तुमच्या घरी

जुन्या साड्यांची गोधडी शिवून देणारे मुंबईत बरेच आहेत. कापड द्यायचं, सांगितलेल्या दिवशी तयार गोधडी घ्यायची, पैसे चुकते करायचे. आमच्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे, म्हणून कापड देण्याआधी हे पत्रक घरी नेऊन सगळ्यांनी वाचावं अशी विनंती आहे.

आम्ही गोधडी पुरी करून देत नाही. कापड निवडणं, कापणं, थर लावणं, कडा दुमडून कच्चा टाका घालणं आणि चारही बाजूंनी कडेच्या काही ओळी धावदोऱ्याने पक्क्या करणं एवढं काम आमच्याकडे होतं. मधला भाग मोकळा ठेवतो. सुया, दोऱ्याची रिळं आणि एक कोरी वही सोबत बांधून गोधडी तुमच्याकडे परत देतो. उरलेले टाके घरच्यांनी मिळून घालायचे आणि ते घालताना जे बोलणं होईल त्यातलं ठेवण्यासारखं वहीत उतरवायचं.

असं का, ते सांगतो. आमची जागा हिंदमातापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. लालबाग, परळ, नायगाव, वरळी इथल्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वर्षानुवर्षं संसार केलेली माणसं घर बदलताना माळ्यावरची ट्रंक खाली काढतात आणि त्यातलं कापड घेऊन आमच्याकडे येतात. घडी उलगडली की बोलायला लागतात. हे लुगडं आईने गणपतीत घेतलेलं, ही साडी नेसून मी पहिल्यांदा ऑफिसला गेले, हा सदरा अण्णांचा. त्या आठवणी आमच्या काउंटरवर सांगितल्या जायच्या आणि आम्ही त्या मनापासून ऐकायचो. पण ज्या नातवंडांनी त्या ऐकायला हव्यात ती त्या वेळी शाळेत नाहीतर क्लासला असायची. तयार गोधडी घरी जायची तेव्हा नुसतं पांघरूण जायचं, बोलणं आमच्याकडेच राहायचं. ते तुमच्या घरात व्हावं म्हणून मधले टाके तुमच्यासाठी ठेवले.

एका घरातली गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांचा जुना सुती सदरा आला, त्यावर पोटाजवळ काळपट डाग. तेवढा भाग टाळून तुकडा कापायचं आम्ही ठरवलं होतं. आजोबांनी डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा राहू द्या. आम्ही तो तुकडा मुद्दाम मधोमध लावला. घरी शिवायला बसल्यावर सहावीतल्या नातवाने विचारलं, हे काय आहे? साच्याचं तेल, धुऊन न गेलेलं. मग दुपारपाळी, दोन साचे एका वेळी सांभाळणं, सुटल्याचा भोंगा हे सगळं निघालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत, दादर स्टेशनबाहेर भाजी विकायला बसले, हेही त्या मुलाला तेव्हाच कळलं. शिवताना दोरा तुटला तर आजोबांनी दोन टोकं बोटांत धरून क्षणात गाठ मारली. ती विणकराची गाठ. तुटलेला ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, जोडायची, इतकी बारीक की कापडात दिसत नाही. नातवाने ती शिकून घेतली आणि वहीत तिचं चित्र काढलं. आता आमच्या कारागीर बायकाही तीच गाठ मारतात.

कापड कोणतं आणावं

सुती कापड सगळ्यांत चांगलं. वापरून मऊ झालेलं असावं, विरलेलं नसावं. ओळखायला सोपं आहे: साडी खिडकीशी धरून उजेडात पाहा. जिथून उजेड आरपार येतो तो भाग विरलाय. बहुतेक साड्या बसायच्या जागी आधी विरतात, पदर आणि काठ मात्र टिकून असतात, त्यामुळे एकही साडी बघितल्याशिवाय टाकून देऊ नका.

सहावारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर. एका माणसाच्या पाच बाय सात फुटी गोधडीला तिच्यातून जवळजवळ दोन थर निघतात. नऊवारीतून अडीच ते तीन. मुंबईच्या हवेला तीन थर पुरतात, पंख्याखाली किंवा एसीत पांघरायला तेवढी ऊब पुष्कळ. गोधडी गावी, सातारा-कोल्हापूरकडे जाणार असेल तर पाच थर सांगा. म्हणजे इथल्यासाठी दोन सहावारी आणि ठिगळांसाठी सुटे तुकडे एवढं कापड पुरे होतं. शाळेचा गणवेश, बाबांची लुंगी, उशीचे अभ्रे, फाटलेला परकर, सगळं चालतं. खणाचे तुकडे असतील तर जरूर आणा, कोपऱ्यांना फार शोभून दिसतात.

नायलॉन, टेरिकॉट, पॉलिस्टर यांचे थर आम्ही लावत नाही. घाम शोषला जात नाही, थर एकमेकांवर सरकतात आणि इस्त्री लागली तर वितळतात. त्या काळच्या नायलॉनच्या साड्यांवर आई-मावश्यांचा जीव असतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणून त्यातलं लहानसं ठिगळ वरच्या थरावर लावून देतो. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून, मोरीत उभं राहून, चिमट्यात धरून पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याचा कडक मणी होतो. गरम मण्याला हात लावू नका.

पैठणीला आम्ही कात्री लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. जर अंगाला टोचते, आणि धड पैठणी कापली की ती कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. ती नेसणाऱ्या सुनेला किंवा नातीला द्या. इरकलीचा टोपपदर वेगळ्या रेशमी ताण्याचा असून अंगाच्या सुताला फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडावर कापलं तर तो उसवत जातो, म्हणून पदर अखंड ठेवून वापरतो.

गेलेल्या माणसाचं कापड असेल तर घरातल्या प्रत्येकाला विचारूनच आणा. काही घरांत असे कपडे वापरत नाहीत, काहींना कापलेलं पाहवत नाही. घरात एकाचीही तयारी नसेल तर थांबा. कापड वर्षभर ट्रंकेत राहिलं तरी बिघडत नाही.

घरी बसायचं कसं

मुंबईत सगळे एका वेळी घरी सापडणं कठीण. कुणी नऊच्या लोकलने येतं, कुणाची रात्रपाळी असते. रविवारची दुपार धरा. मेगाब्लॉकमुळे बाहेर जायचं नाहीतरी टळतंच. दर आठवड्याला जमलं नाही तरी चालेल. गोधडी चार महिने घडी घालून पडली तरी टाके कुठे जात नाहीत.

सतरंजीवर गोधडी पसरा आणि चार बाजूंना चौघं बसा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती पलंगावर किंवा जेवणाच्या टेबलावर पसरली तरी चालते. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि मुलं कंटाळतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. आम्ही घातलेल्या कडेच्या ओळीपासून सुरुवात करून आत आत यायचं. उलट, मधून बाहेर गेलात तर कापड कडेला गोळा होतं. सुई वरून घालून खाली पूर्ण ओढू नका. टोकावर तीन-चार टाके घेऊन मग ओढा, हात भराभर चालतो. सगळ्या थरांतून सुई गेली का, हे अधूनमधून गोधडी उलटी करून बघा. कच्चे टाके शेवटची ओळ होईपर्यंत काढायचे नाहीत.

आजीला नेढं दिसत नसेल तर सोबत दिलेल्या सुयांच्या पुडीत दोरा ओवायची बारीक तार आहे. किंवा सुया ओवून ठेवायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान मुलाकडे द्या, तो ते फार मन लावून करतो असा अनुभव आहे. सात-आठ वर्षांपुढची मुलं मोठ्या नेढ्याच्या सुईने नीट शिवतात. पुरुषांनी बसून नुसता चहा पिऊ नये, त्यांनीही शिवावं. ज्या घरात बाबा शिवायला बसतात तिथली मुलंही टिकून बसतात. बोटात घालायला अंगुस्तान पुडीत आहे. बसताना सुया मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. हा नियम एकदाही मोडू नका.

टाके वाकडे येतील. उसवू नका. पुढे ओळ बघून कोणता हात कुणाचा ते ओळखता येतं. आमच्याकडे शेवटची तपासणी करायला गोधडी आणलीत तर आम्ही सुटलेली गाठ पक्की करून देऊ, वाकडी ओळ सरळ करून देणार नाही.

कुणी पुण्यात, कुणी परदेशात असेल तर त्यांच्या नावाचा वीतभर चौकोन वेगळा मागून घ्या. त्यांनी त्यावर टाके घालून पोस्टाने पाठवायचा, तो जोडायची जागा आम्ही राखून ठेवतो.

वही

वहीत कापडाच्या प्रत्येक तुकड्याला एक पान आहे. वर त्याच कापडाची चिंधी आम्ही डकवून देतो, खालची जागा तुमची.

आजीला, आठवणी सांग, असं म्हटलं तर ती म्हणते, माझ्या कसल्या आठवणी. त्यापेक्षा नेमकं विचारा. ही साडी कुठून घेतली? दुकानात सोबत कोण होतं? किती पैसे पडले, आणि ते कुणी दिले? पहिल्यांदा नेसून कुठे गेलीस? रंग तुला आवडला होता की घ्यावी लागली? शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच घरांत तासभर बोलणं चालतं. शिवता शिवता बोलणं सोपं जातं, कारण नजर कापडावर असते, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. एरवी न बोलली जाणारी गोष्ट अशा वेळी सहज निघते. तेव्हा लगेच पेन उचलू नका, टाके घालत राहा आणि ऐका. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा आणि मगच सुरू करा.

लिहिताना ज्याची गोष्ट त्याचीच बोली ठेवा. आजी मालवणीत बोलली तर मालवणीत लिहा, घाटावरची बोलली तर तसं. शुद्धलेखन सुधारत बसू नका. दोघांच्या आठवणी जुळत नसतील, काका म्हणतात साडी लग्नातली आणि आत्या म्हणते बारशातली, तर दोन्ही लिहा आणि पुढे नावं घाला. खरं कोणतं याचा निकाल वहीत लावायचा नाही. कुणी एखादी गोष्ट लिहू नका म्हणालं तर ते पान कोरं राहू द्या.

बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. जेलपेनची शाई इथल्या दमट हवेत पसरू शकते. पानाखाली तारीख घाला, सांगणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला. वही आम्हाला दाखवायची गरज नाही, ती घरची आहे.

बाळाचं दुपटं

तीन बाय तीन फुटांचं, दोन थरांचं दुपटंही करून देतो. त्याला फक्त धुऊन मऊ झालेलं सुती कापड घेतो. बटण, हुक, टिकल्या, जर काहीही लावत नाही. दुपटं अंथरायला आणि बाळ जागं असताना मांडीवर घेताना वापरा. झोपलेल्या तान्ह्या बाळावर सैल पांघरूण घालू नका, ते तोंडावर येऊ शकतं.

धुणं आणि ठेवणं

पहिल्यांदा धुण्याआधी ओला पांढरा रुमाल प्रत्येक गडद रंगावर दाबून बघा. रंग लागला तर ती गोधडी बाकी कपड्यांत मिसळू नका. गार पाणी, साधी पावडर, हाताने चेपून धुणं. ब्रश नको, पिळणं नको. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली की मधल्या टाक्यांवर सगळा भार येतो, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. खिडकीच्या ग्रिलवर टाकणार असाल तर खाली आधी जुनी चादर घाला, गंजाचे डाग जात नाहीत.

जून ते सप्टेंबर धुऊ नकाच. वरून वाळलेली दिसते, आतला थर ओला राहतो आणि कुबट वास धरतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन्ही बाजू तापवून मग घडी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, सुती चादरीत गुंडाळा आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर कापड फाटतं.

कापड देताना

धुऊन, पूर्ण वाळवून आणा. इस्त्री नको. कोरं कापड असेल तर खळ जाईपर्यंत धुवा, नाहीतर नंतर आटून गोधडी सुरकुतते. मुसळधार पावसात येऊ नका, हिंदमाताला पाणी भरलं की कापडही भिजतं आणि तुमचेही हाल होतात. फोन करून दुसरा दिवस ठरवू. शक्य असेल तर घरातल्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोघांनी मिळून या, कारण कोणता तुकडा मधोमध लावायचा हे आम्ही ठरवत नाही, तुम्हालाच विचारतो. दर आणि मुदत सोबतच्या चिठ्ठीवर आहे. अर्धी रक्कम कापड देताना, उरलेली रक्कम गोधडी आणि वही घरी नेताना. दोरा संपला तर त्याच रंगाचं रीळ पुन्हा घेऊन जा, त्याचे पैसे लागत नाहीत.