‘रक्त कमी’ म्हणजे लोहाच्या गोळ्या? सिकलसेलमध्ये नाही

येऊरच्या पाड्यांपासून शहापूर-मुरबाडपर्यंत एक समज पक्का आहे: मूल फिकट दिसतं, सांधे दुखतात, म्हणजे खायला कमी पडलं, लोहाच्या गोळ्या द्या. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण सिकलसेल या आनुवंशिक आजारात मुळात हिमोग्लोबिनच बदललेलं असतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात (कळा येतात त्या यामुळेच) आणि 120 दिवस जगायच्या त्या 10-20 दिवसांत फुटतात. डोळे पिवळे होतात तेही त्यातूनच. मग काविळीचा झाडपाला सुरू होतो आणि तपासणी राहूनच जाते.

आजार संसर्गाचा नाही, आणि आदिवासींचं रक्त ‘खराब’ आहे हे तर निव्वळ थोतांड. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला (ज्याला हे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालंय त्याला) गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. दोघेही! संशय मात्र आधी सुनेवर.

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 2023 पासून सुरू आहे. पहिल्या चाचणीला थेंबभर रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीतून रुग्ण की वाहक ते ठरतं. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळा कमी होतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.