वर्गणीची परवानगी आणि सेवा पुरवठादार नोंदणी: घरगुती हिंसाचारावर काम करणाऱ्या मंडळांचे अर्ज कुठे अडतात

वस्तीतल्या नाहीतर सोसायटीतल्या बायका एकत्र येतात, कुणाला रात्री पोलीस स्टेशनला घेऊन जातात, कुणाच्या मुलांची फी भरतात, त्यासाठी आपापसात वर्गणी काढतात, आणि असं चार-पाच वर्षं झालं की कुणीतरी सांगतं, ताई आता हे कागदावर आणा, सरकारी यादीत या. मग अर्ज जातो आणि त्रुटी काढून परत येतो. मी गेली काही वर्षं असे अर्ज भरायला मदत करतेय, आणि अडतं ते बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एक गोंधळ मिटवूया. पैसे गोळा करायची परवानगी वेगळी, ती धर्मादाय कार्यालयाकडून. आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ (लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून) याखाली 'सेवा पुरवठादार' म्हणून नोंदणी वेगळी, ती महिला व बाल विकास विभागाकडून. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. आणि सेवा पुरवठादार झालो की अनुदान सुरू होईल असं समजून अर्ज करू नका, या नोंदणीने पैसे मिळत नाहीत, अधिकार मिळतात. बाईची इच्छा असेल तर तुम्ही स्वतः नमुना १ मध्ये घटना अहवाल (सगळे डीआयआर म्हणतात तो) लिहून मॅजिस्ट्रेटला आणि संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) पाठवू शकता, तिची वैद्यकीय तपासणी करून घेऊ शकता, तिला निवाऱ्यात पोचवू शकता. शिवाय प्रामाणिकपणे केलेल्या कामाबद्दल नवऱ्याकडचे लोक तुमच्यावर केस टाकायला गेले तर कलम १० तुम्हाला संरक्षण देतं. ज्यांनी दारात शिव्या खाल्ल्यात त्यांना याची किंमत कळेल.

वर्गणी काढायची असेल तर

तुमचं मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ क लागतं. गणपती मंडळं घेतात तीच ही परवानगी, फक्त लोकांना वाटतं ती सणांपुरतीच असते. तसं नाही, कुठल्याही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे मागायचे तर ती लागते, आणि विनापरवानगी गोळा केले तर शिक्षेची तरतूद आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सदस्यांचा ठराव, ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि आधी वर्गणी काढली असेल तर तिचा हिशेब जोडायचा.

अडतं कुठे, तर उद्देशाच्या ओळीत. 'महिलांना मदत' एवढंच लिहून पाठवतात आणि मग विचारणा येते. नीट लिहा की घरगुती हिंसाचारामुळे संकटात सापडलेल्या महिलांचा प्रवास, औषधोपचार, तात्पुरता निवारा आणि कोर्टाची कागदपत्रं यासाठी. परवानगीपत्रावर मुदत आणि हिशेब द्यायची तारीख छापलेली असते, ती वाचा, कारण हिशेब दिला नाही तर पुढच्या अर्जाला तेच आडवं येतं.

आणि कृपा करून क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक खात्याचा लावू नका. एका मंडळाच्या सेक्रेटरीताईंनी चांगल्या मनाने स्वतःचा लावला होता, त्याच खात्यातून घराचा हप्ता जायचा, किराणा जायचा, आणि हिशेब द्यायच्या वेळी स्टेटमेंटची पानं मांडून आम्ही दोन दिवस पेन्सिलीने खुणा करत बसलो की हे पाचशे वर्गणीचे की भावाने पाठवलेले. पैसा न् पैसा खरा होता तरी त्या बाई रडकुंडीला आल्या.

पोस्टरवर त्या बाईचा फोटो किंवा नाव टाकू नका, डोळ्यांवर काळी पट्टी लावूनसुद्धा नको. गावात साडीवरून माणूस ओळखतात.

ट्रस्ट असेल आणि देणगीदाराला ८०जी ची (आयकरात सूट मिळवून देणारी) पावती द्यायची असेल तर आयकराची नोंदणी वेगळी करावी लागते. इथे मुदत हमखास चुकीची वाचली जाते. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळते म्हणून लोक तीन वर्षं निवांत बसतात, पण पक्क्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, यातलं जे आधी येईल ते. तुमचं काम तर सुरूच आहे, म्हणजे तुमचे सहा महिने कधीच मोजायला लागलेत. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सूट मिळत नाही हेही पावती फाडताना सांगा, नंतर वाद होतात. नवीन आयकर कायदा २०२५ मुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, तेव्हा जुना फॉर्म डाउनलोड करून भरू नका, सीएला विचारा.

सेवा पुरवठादार नोंदणी

पात्रता कलम १० मध्ये आहे. संस्था कायद्याने नोंदणीकृत हवी आणि महिलांचे हक्क आणि हित जपणं हा तिचा उद्देश हवा. बचत गट नुसता गट म्हणून चालत नाही. अर्ज नमुना ६ मध्ये, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या, तारीख-शिक्क्यासकट.

पहिली अडचण संस्थेच्या घटनेतल्या, म्हणजे नियमावलीतल्या, उद्देशाची. दहा वर्षांपूर्वी संस्था काढताना कुणीतरी छापील मसुदा दिलेला असतो, त्यात वृक्षारोपण, क्रीडास्पर्धा, वाचनालय सगळं असतं आणि महिलांच्या हक्कांबद्दल एक अक्षर नसतं. उद्देशात भर घालायची म्हणजे सभा, ठराव, पुन्हा धर्मादाय कार्यालय, महिने जातात, म्हणून हे अर्जाच्या आधी तपासा, नंतर नाही.

दुसरी अडचण अनुसूची १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्याची. त्यावर विश्वस्त म्हणून जी नावं आहेत त्यातल्या एक बाई वारलेल्या, एक सुनेकडे परदेशी गेलेल्या, आणि अर्जावर सही तिसरीचीच. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कुणी देत नाही. दिला तरी तो निकाली निघायला किती काळ लागतो हे कार्यालयांनीही एकदा स्वतःला विचारावं, कारण तेवढा काळ इथला अर्ज लटकतो. निदान दाखल केल्याची प्रत जोडा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, तीन वर्षांची अट. या कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम ११ म्हणतो की जी सेवा तुम्ही देणार म्हणताय तीच सेवा अर्जाच्या आधी किमान तीन वर्षं देत असला पाहिजेत. लोक वाचतात की संस्था तीन वर्षं जुनी हवी. संस्था बारा वर्षं जुनी असेल पण ती बारा वर्षं शिवणवर्ग चालवत होती आणि समुपदेशन मागच्या दिवाळीपासून सुरू झालं, तर समुपदेशनाचं एकच वर्ष धरतील. त्यामुळे फॉर्ममध्ये सगळ्या सेवांसमोर खुणा करू नका, जिचा पुरावा आहे तिच्यासमोरच करा.

आता पुरावा म्हणजे काय. एकदा एक ताई माझ्यासोबत कार्यालयात आल्या, पिशवीतून फोटोंचा अल्बम काढला, आठ मार्चचा कार्यक्रम, हळदीकुंकू, रॅली, एकाही फोटोवर तारीख नाही. साहेबांनी विचारलं, केसेसचं काय? तर ताईंनी दोनशे पानी वही उघडून टेबलावर ठेवली. बाईचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, मोबाइल, गल्ली, 'पाठीवर वळ', 'माहेरी सांगायचं नाही'. शेजारच्या टेबलावर तीन माणसं उभी होती आणि वही त्यांच्याकडे सुलट होती. मी ती मिटली आणि ताईंना म्हटलं, ही पिशवीत ठेवा आणि घराबाहेर काढू नका. त्यांचा चेहरा पडला, कारण त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तर पुरावा असा तयार करा. खरी वही कुलपात. अर्जासाठी वेगळा तक्ता, त्यात फक्त केस नंबर, तारीख, तालुका आणि काय मदत केली. सोबत तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, तारखेची इतिवृत्तं, आणि पोलीस स्टेशन, ग्रामीण रुग्णालय, ग्रामपंचायत किंवा संरक्षण अधिकारी यांची जावक नंबर असलेली पत्रं की ही संस्था अमुक सालापासून हे काम करते. ही पत्रं आज मागितली तर आजची तारीख पडते, पण आत मजकूर जुन्या कामाचा लिहून देता येतो, त्यांच्या रजिस्टरला तुमची नोंद असेल तर मागा. महिला हेल्पलाइन १८१ किंवा सखी केंद्राकडून (संकटातल्या महिलांसाठीचं सरकारी केंद्र) बाया तुमच्याकडे पाठवल्या जात असतील तर तेही लेखी घ्या.

निवारागृहासाठी अर्ज असेल तर पाहणी होते: किती बायका राहू शकतात, जागा सुरक्षित आहे का. आणि एक कागद जो कुणाकडेच नसतो, तिथे राहणाऱ्या बायकांसाठी चालू फोन होता याचं रेकॉर्ड. फोन असतो, पण काकूंच्या नावावर. तुमचा निवारा आज सुरू होत असेल तर आजच संस्थेच्या नावाने कनेक्शन घ्या आणि बिलं फाइलला लावा.

पाठपुरावा

तालुक्यात संरक्षण अधिकाऱ्याचं पद भरलंय का, वर्षात किती घटना अहवाल झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये. रागाच्या भरात दोन पानी कैफियत लिहिली की परत येतो, मी स्वतः तसे दोन परत आलेले पाहिलेत. आकडे मागा, 'का' विचारू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. हे आकडे हातात असले की कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ११ दाखवून, ज्यात कायद्याची प्रसिद्धी करणं आणि पोलिसांना त्याचं प्रशिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे, निवेदन देताना वजन येतं.

नोंदणी अडकलीय म्हणून बाईला परत पाठवायचं नाही हे लक्षात ठेवा. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं आणि प्रामाणिकपणे दिली तर त्याची कुठलीही जबाबदारी अंगावर येत नाही. कलम १२ चा, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे दाद मागायचा, अर्जही तिच्या वतीने दुसरी व्यक्ती करू शकते, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यायची असते.

त्या वहीवाल्या ताईंनी तक्ता केला, पोलीस स्टेशनचं पत्र मिळवलं, अर्ज पुन्हा दिला. गेल्या आठवड्यात त्रुटीपत्र आलं, समुपदेशक बाईंच्या पदवीची प्रत जोडलेली नाही म्हणून. सोमवारी ती घेऊन जातोय.