सातपुड्यातली सौर वीज: यंत्रं आली, मेस्त्री मागेच राहिले

नकाशा पाहिला तर खान्देश हरित ऊर्जेत पुढे दिसतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला. पण ही वीज ग्रीडमध्ये, म्हणजे तारांच्या मोठ्या जाळ्यात जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरं डोंगरभर विखुरलेली, तिथे तारा ओढणंच अवघड.

त्या भागातला सगळ्यात मोलाचा प्रयोग बिलगावचा. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते, नर्मदा बचाओ आंदोलन आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून तिथे जानेवारी 2003 मध्ये 15 किलोवॉटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभा राहिला. 10 मीटरवरून सेकंदाला 300 लिटर पाणी सोडलं आणि निम्मी ऊर्जा हाती लागली, तर साधारण एवढी वीज मिळते. आपल्या हातांनी पाट खोदणाऱ्याला पाणी कुठे अडलं हे कुणी सांगावं लागत नाही. 2006 मध्ये सरदार सरोवराची उंची वाढली आणि हा प्रकल्प पाण्याखाली गेला. नुकसान नुसत्या विजेचं नव्हतं, तयार झालेल्या जाणकारीचंही होतं.

तारा न पोचलेल्या वस्त्यांना सरकारी योजनांतून सौर दिवे मिळाले. जुना नेहमीचा संच म्हणजे 37 वॅटची प्लेट, 12 व्होल्ट 40 अँपिअर-अवरची बॅटरी आणि 9 वॅटचे दोन दिवे. हिशेब सोपा आहे. बॅटरीत 480 वॅट-अवर मावतात, त्यातले निम्मेच वापरायचे. दिवे रोज चार तास लावले तर 72 खर्च होतात, म्हणजे ढगाळ हवेतही तीन दिवस निघतात. बिघडतं ते पुढे. बॅटरी फार उतरू नये म्हणून चार्ज कंट्रोलरने, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या पेटीने, दिवे बंद केले की कुणीतरी वायर डायरेक्ट बॅटरीला जोडतं, टीव्हीही त्यावरच चालतो. बॅटरी तळापर्यंत उतरते, तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्जच घेत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर तालुक्याला मिळतं, म्हणून विहिरीचं पाणी ओततात. त्यातले क्षार उरलंसुरलं आयुष्य खातात. दोष घरच्यांचा नाही, संच देताना हे समजावणारा माणूसच आलेला नसतो. घरोघरी वीज पोचवण्याच्या 2017 च्या सौभाग्य योजनेत 200 ते 300 वॅटच्या संचाबरोबर पाच वर्षांची देखभाल धरली होती, ती तरतूद फार आधी व्हायला हवी होती.

सपाटीवर मागणी पंपांची. रात्रीच्या थ्री-फेज विजेला कंटाळलेल्या शेतकऱ्याला सौर पंप देणाऱ्या 2019 च्या कुसुम योजनेने दिवसा पाणी दिलं: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेलंय. पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवू शकतो ते, जमिनीवरून नव्हे, पाण्याच्या पातळीवरून ठरतो. 50 मीटरचा पंप 90 मीटरवर बसवला तर मोटर फिरते, पाणी येत नाही.

सौर तंत्रज्ञ घडवणारं सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण 2015 पासून आहे. आयटीआयचा वायरमन घरातल्या एसी विजेच्या कामात तरबेज असतो, अडचण सौर प्लेटांमधून येणाऱ्या डीसी विजेची. 330 वॅटच्या 15 प्लेटा सिरीजमध्ये जोडल्या की 500 व्होल्टच्या वर दाब जातो, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही. आधी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद, मग मीटर लावून खात्री, त्यानंतरच कनेक्टरला हात, हे वर्गात सांगून भागत नाही. प्रत्यक्ष प्लेटांवर करून घ्यावं लागतं, आणि पाड्यांवर काम करणाऱ्यांसाठी तिथल्या भिली-पावरी बोलींत.