तस्करीत सापडलेला गिबन मायदेशी कसा परततो? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

ठाणे-नवी मुंबईत तस्करीतला गिबन किंवा ओरांगउटान यांसारखा शेपूट नसलेला वानर सापडला, तर त्याला मायदेशी पाठवण्यासाठी अर्ज कोणी करायचा? प्राणिमित्र नाही, संस्था नाही, सोसायटी तर नाहीच. हे काम सरकार ते सरकार चालतं. भारतातर्फे केंद्र सरकारचं साइटिस व्यवस्थापन प्राधिकरण मूळ देशातल्या त्याच प्राधिकरणाशी बोलतं. साइटिस हा वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे आणि सगळे गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात येतात. तरीही त्या फाइलचा पहिला कागद बऱ्याचदा तुमच्या-आमच्या माहितीतूनच तयार होतो.

खबर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर द्या, तातडीचं असेल तर ११२ वर. एक गोंधळ इथेच टाळा. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाणे वनविभागात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे आणि न्हावा-शेवा बंदर रायगडात, तिथे अलिबाग वनविभाग. विमानतळावर किंवा बंदरात पकडलेल्या मालाचा ताबा आधी सीमाशुल्क विभागाकडे जातो आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो प्रजात ओळखायला मदत करतो. खबर देताना जागा, वेळ, गाडीचा नंबर सांगा. ऑनलाइन जाहिरात असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्राण्याला शेपूट नसेल आणि हात पायांपेक्षा लांब असतील तर तेही आवर्जून सांगा, कारण ते माकड नसून गिबन असण्याची शक्यता मोठी.

पिल्लाला हात लावू नका. दूध-केळं भरवू नका, सेल्फी तर नकोच. माणसाचा साधा सर्दी-ताप त्याच्या जिवावर बेतू शकतो. आणि एवढंसं पिल्लू बॅगेत सापडतं, तेव्हा त्याच्या आईला बहुधा जंगलातच मारलेलं असतं, कारण जिवंत आई ते सोडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: ‘परत’ म्हणजे नेमकं कुठे? प्रवासी बँकॉकहून आला म्हणून प्राणी बँकॉकच्या विमानात बसवला, की आपल्याकडची जबाबदारी संपते, पण तो घरी पोचतोच असं नाही. रुपेरी गिबन फक्त इंडोनेशियातल्या जावा बेटावर राहतो. त्याला थायलंडमध्ये उतरवणं म्हणजे दुसऱ्या परक्या मुलखात नेऊन सोडणं. म्हणून घाईची पाठवणी मला पटत नाही. आधी प्रजात, मग मूळ देश, हाच क्रम हवा. डिसेंबर २०२४ मध्ये इस्तंबूल विमानतळावर नायजेरियाहून बँकॉककडे निघालेल्या पेटीत गोरिलाचं पिल्लू सापडलं होतं. ते नायजेरियाला परत द्यायचं ठरलं. पुढे डीएनए तपासणीत ते त्या देशात आढळणाऱ्या प्रकारातलं नाही असं दिसलं आणि पाठवणी थांबली. आपल्या फाइलमध्येही डीएनए अहवाल सुरुवातीलाच लागायला हवा.

दुसरी अडचण कोर्टाची. कायद्याच्या भाषेत हे जिवंत पिल्लू ‘मुद्देमाल’ असतं आणि खटला वर्षानुवर्षं चालू शकतो. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४९७ नुसार जप्त वस्तूचं वर्णन, फोटो आणि व्हिडिओ नोंदवून तिच्या विल्हेवाटीचा आदेश खटला संपण्याआधीच देता येतो. तपास अधिकाऱ्याने हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा, असं मला कळकळीने वाटतं. लहान गिबन माणसांच्या हातात जितका जास्त राहील, तितका तो फांदीवरून झेपावायला आणि आपल्या जातीत राहायला कमी शिकेल.

पुढची कागदपत्रं ठरलेली: जप्तीचा पंचनामा, कोर्टाचा आदेश, मायक्रोचिप क्रमांक, विलगीकरणाचा आणि क्षयरोग-कावीळ यांसारख्या तपासण्यांचा अहवाल, पशुवैद्यकीय दाखला, स्वीकारणाऱ्या देशाचं संमतिपत्र, दोन्ही बाजूंचे साइटिस परवाने आणि विमान वाहतुकीच्या नियमांत बसणारा पिंजरा. परत पाठवण्याचा खर्च निर्यात करणाऱ्या देशाने करावा असं साइटिस कराराचं आठवं कलम म्हणतं. तो देश तयार नसेल, किंवा तिथे पुनर्वसन केंद्र नसेल, तर प्राण्याला बचाव केंद्रात ठेवण्याचीही मुभा आहे. म्हणूनच अशी प्रकरणं रेंगाळतात. नायजेरियातून २००२ मध्ये मलेशियात तस्करी झालेले चार गोरिला दक्षिण आफ्रिकेमार्गे कॅमेरूनला पोचले ते २००७ मध्ये.

राहिला घरात विदेशी प्राणी पाळणाऱ्यांचा प्रश्न. साइटिसच्या यादीतल्या जिवंत प्राण्याची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्यासाठी ओळखपत्र, पत्ता, प्राण्याचा फोटो आणि तो कायदेशीर मार्गाने आल्याचा पुरावा लागतो. दुकानदाराच्या साध्या पावतीने आयात कायदेशीर ठरत नाही. जून ते डिसेंबर २०२० मध्ये कागदांविना माहिती जाहीर करण्याची सवलत होती, ती मुदत केव्हाच संपली. कागद नसतील तर वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाकडे जा. भीतीपोटी प्राणी येऊरच्या जंगलात किंवा खाडीकाठी सोडू नका. तिथे तो जगणार नाही, आणि त्याच्या अंगातला आजार इथल्या माकडांना लागू शकतो.