हवा भरते म्हणून छाती फुगत नाही

पोलीस भरतीत शारीरिक मोजमापाच्या टेबलापाशी पुरुष उमेदवाराच्या छातीभोवती टेप दोनदा आवळला जातो. न फुगवता किमान 79 सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर त्यात किमान 5 सेंटिमीटरची भर. रांगेतल्या कुणालाही विचारा, हवा आत गेली की छाती फुगते, असेच तो सांगेल. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी छातीची भिंत बाहेर सरकते, आतली जागा वाढते, आणि मग हवा आत शिरते. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. श्वासनलिकांभोवती थोडे स्नायू असतात खरे, पण ते नळी आवळतात. फुप्फुस ताणण्याचे काम त्यांचे नाही. ते काम सर्वस्वी भिंतीचे.

या भिंतीत मागे पाठीचे 12 मणके, पुढे मधोमध उरोस्थी (छातीचे चपटे हाड), बरगड्यांच्या 12 जोड्या, बरगड्यांमधल्या 11 फटींत बसलेले स्नायू आणि तळाला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. वरच्या 7 जोड्या आपापल्या कास्थीने (लवचिक कूर्चेने) थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कास्थीचा आधार घेतात. अकरावी-बारावीचे पुढचे टोक मोकळेच. स्वतःच्या बरगड्या मोजायच्या असतील तर गळ्याखालच्या खाचेत बोट ठेवून ते उरोस्थीवरून खाली सरकवा. साधारण 5 सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असते ती दुसरी बरगडी. पहिली कॉलरबोनमागे दडलेली असल्यामुळे सहसा हाताला लागत नाही, म्हणून डॉक्टरही मोजणी दुसरीपासून सुरू करतात. ईसीजी काढताना छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या फटीत लावतात, ती फट शोधतात याच खुणेवरून.

प्रत्येक बरगडी पाठीकडून पुढे येताना खाली उतरत येते. मागे ती दोन ठिकाणी टेकलेली असते: तिचे डोके मणक्याच्या मुख्य भागाला, आणि थोडे बाहेर असलेला तिचा उंचवटा मणक्याच्या आडव्या काट्याला. (शेवटच्या दोन बरगड्यांना हा दुसरा सांधा नसतो.) या दोन सांध्यांतून जाणाऱ्या आसाभोवती बरगडी फिरते, आणि सगळी मेख त्या आसाच्या दिशेत आहे. वरच्या बरगड्यांचा आस बराचसा आडवा असतो. त्यामुळे बरगडी उचलली गेली की तिचे पुढचे टोक उरोस्थीला घेऊन वर आणि पुढे जाते; छातीची जाडी वाढते. सातव्या ते दहाव्या बरगडीचा आस मागे वळलेला असतो. तिथे बरगडीचा खाली झुकलेला मधला भाग वर आणि बाहेर येतो, बादलीच्या कडेला पडलेली कडी उचलावी तसा. छातीची रुंदी वाढते. एक तळवा उरोस्थीवर आणि दुसरा काखेखाली, शेवटच्या बरगड्यांवर ठेवून खोल श्वास घेतला की दोन्ही हालचाली वेगवेगळ्या जाणवतात.

बरगड्या उचलतात ते बाहेरच्या थरातले आंतरबरगडी स्नायू. त्यांचे तंतू खाली आणि पुढे तिरपे जातात. आतल्या थराचे तंतू उलट दिशेने जातात आणि जोरात श्वास सोडताना बरगड्या खाली ओढतात. मानेतून उतरणारे स्नायू पहिल्या दोन बरगड्या वर धरून ठेवतात. आंतरबरगडी स्नायूंचे आणखी एक काम सहज दुर्लक्षिले जाते: फटी ताठ ठेवणे. मानेच्या खालच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णात ते उघडे पडते. त्याचे श्वासपटल चालू असते, कारण त्याची नस (मज्जातंतू) मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून, म्हणजे इजेच्या वरून निघते. आंतरबरगडी स्नायू मात्र लुळे पडलेले असतात. अशा रुग्णाने श्वास घेतला की पोट वर येते आणि छातीचा वरचा भाग आत ओढला जातो.

शांत श्वासातला मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त, श्वासपटलाचा. टेपला तो जवळजवळ दिसतच नाही. उमेदवाराने खांदे उचलून आणि पाठीचे स्नायू फुलवून टेपवर एखादा सेंटिमीटर कमावला, तरी त्याने हवा तेवढी वाढत नाही. म्हणून छातीच्या फुगवट्यावरून फुप्फुसांची क्षमता ठरवू नये. श्वासपटल हा घुमटाकार स्नायू छाती आणि पोट यांच्यामध्ये ताणलेला असतो. शांत श्वासात हा घुमट सुमारे दीड सेंटिमीटर खाली येतो, खूप खोल श्वासात 7 ते 10 सेंटिमीटर. त्याचे दुसरे काम अधिक मजेशीर आहे. त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना आतून चिकटलेल्या असतात. घुमट खाली उतरू लागला की यकृत, जठर, आतडी आणि पोटाची भिंत त्याला विरोध करतात. माथा असा टेकला की स्नायूचा जोर कडांवर येतो आणि खालच्या बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. म्हणजे पोटाच्या भिंतीत ताण नसेल तर श्वासपटलाचा निम्मा डाव वाया जातो. मज्जारज्जूची इजा झालेले कित्येक रुग्ण बसल्यापेक्षा आडवे पडल्यावर सुखाने श्वास घेतात, आणि बसवताना त्यांच्या पोटाला पट्टा बांधतात, तो याचसाठी.

दीर्घकाळ धूम्रपान किंवा चुलीचा धूर सोसून फुप्फुसे कायमची फुगलेली राहिली, तर हाच घुमट सपाट होतो. मग त्याचे तंतू वर जाण्याऐवजी आडवे पडतात आणि श्वास घेताना खालच्या बरगड्या बाहेर जाण्याऐवजी आत ओढल्या जातात. असा रुग्ण पुढे झुकून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर रोवून बसतो. त्यामुळे खांदे स्थिर होतात, आणि एरवी हात हलवणारे छातीचे मोठे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात.

आता भिंत सरकल्यावर फुप्फुस तिच्यामागे का जाते ते पाहू. दोघांमध्ये फुप्फुसावरणाचे दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये काही मिलिलिटर द्रव. फुप्फुसाचा ओढा सतत आकसण्याकडे, भिंतीचा बाहेर उसळण्याकडे. या रस्सीखेचीमुळे मधल्या जागेतला दाब वातावरणापेक्षा कमी राहतो: श्वास सोडून झाल्यावर सुमारे 5 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका कमी, श्वास आत घेतल्यावर सुमारे 8. वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, तर वातावरणापेक्षा जेमतेम 1 सेंटिमीटर पाण्याइतका दाब कमी होतो, आणि एवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. त्यातली 150 मिलिलिटर नळ्यांतच अडकते, रक्तापर्यंत पोहोचत नाही. शांत श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत. ताणलेले फुप्फुस आकसते, आणि दोन्ही ओढे बरोबरीत आले की थांबते. त्या क्षणीही प्रौढाच्या छातीत दोन लिटरांहून थोडी जास्त हवा शिल्लक असते.

मधल्या जागेत बाहेरून हवा शिरली तर ही जोडी तुटते: फुप्फुस आक्रसते आणि छाती त्या बाजूला किंचित बाहेर येते. लोक ‘फुप्फुसात पाणी झाले’ म्हणतात तेव्हाही पुष्कळदा पाणी फुप्फुसात नसून याच मधल्या जागेत साठलेले असते. आपल्याकडे त्याचे एक नेहमीचे कारण क्षयरोग. ते सुईने काढताना डॉक्टर सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीत शीर, धमनी आणि नस दडलेली असते.

बरगडी मोडली तर पूर्वी छाती पट्ट्याने घट्ट आवळत. आता तसे करत नाहीत. आवळलेली छाती उथळ श्वास घेते, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. त्याऐवजी वेदना पुरेशा कमी करायच्या, तासातासाला खोल श्वास घ्यायला लावायचा, आणि खोकताना दुखऱ्या भागावर उशी दाबून धरायची. हाड सहा आठवड्यांच्या आसपास जुळते. लागोपाठच्या 3 किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या असतील तर गोष्ट वेगळी. भिंतीचा तेवढा तुकडा सुटा होतो, श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर जातो. ही आणीबाणी आहे.

वय वाढते तशा कास्थींत कॅल्शियम साठते, मणके झुकतात, भिंत ताठर होते आणि त्याच श्वासाला जास्त मेहनत पडते. बाळाचे उलटे. त्याच्या बरगड्या जवळजवळ आडव्या आणि बऱ्याचशा कास्थीच्या असतात. आडवी बरगडी वर उचलून जागा फारशी वाढत नाही, म्हणून तान्ह्या बाळाचा श्वास पोटावर दिसतो. भिंत मऊ असल्यामुळे न्यूमोनियाने फुप्फुस कडक झाले आणि श्वासपटलाला जोर लावावा लागला, की छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत जातो. प्रौढात हे इतक्या लवकर दिसत नाही.

ही खूण पाहायला यंत्र लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. त्याने बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पूर्ण 60 सेकंद मोजायचे. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. सोबत छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे बघायचे. दोन महिन्यांखालच्या निरोगी बाळातही थोडेसे ओढले जाणे दिसते, कारण भिंत तेवढीच मऊ असते. म्हणून तिथे खोल आणि सहज नजरेत भरणारा खड्डा पडला तरच तो धोक्याचा धरतात. आणि तसा पडत असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.