स्फोटक वातावरणातील विद्युत उपकरणे : मानकांची तुलना

ज्वालाग्राही वायू, बाष्प, धूळ किंवा तंतू हवेत मिसळून पेट घेण्याची शक्यता असते, अशा जागी बसवायची मोटार, दिवा, स्विच किंवा पॅनेल कसे असावे हे ठरवणारे नियम. जगात त्यांच्या दोन मोठ्या परंपरा आहेत : आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची (आयईसी) ६००७९ ही मालिका आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचे (एनईसी) कलम ५००. भारतीय मानके आयईसीच्या वाटेने जातात. मराठवाड्यात हा विषय लातूर भागातले सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी, वाळूज-चिकलठाण्याचे औषध कारखाने आणि जालना-परभणीकडच्या जिनिंग यांच्याशी रोज संबंध ठेवून आहे.

कारखान्यात अशा सगळ्याच उपकरणांना सरसकट ‘एफएलपी’ म्हणतात. खरे तर फ्लेमप्रूफ, म्हणजे मानकातला ‘ईएक्स डी’, हा अनेक प्रकारांपैकी एक. त्यात पेटीच्या आत स्फोट होणारच नाही असे कोणी म्हणत नाही. तो झाला तर पेटी फुटू नये आणि फ्लँजच्या, म्हणजे पेटी आणि झाकण जुळतात त्या कडांच्या, फटीतून बाहेर पडणारी ज्वाळा गार होऊन विझावी, एवढीच अपेक्षा असते. ‘ईएक्स आय’ची कल्पना वेगळी : मंडलात मुळात ठिणगीने वायू पेटेल एवढी ऊर्जाच जाऊ द्यायची नाही. तिच्यामागे कोळसा खाणींतल्या इशाऱ्याच्या विद्युत घंटेच्या तारांचा अभ्यास आहे. वेल्समधील सेंघेनिड खाणीत १९१३ साली ४३९ खाणकामगार स्फोटात गेले, त्यानंतर या तारांकडे गांभीर्याने पाहिले गेले.

जागेची विभागणी हा पहिला मोठा फरक. आयईसी तीन झोन करते : स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून होते तो झोन १, बिघाड झाला तरच आणि थोडाच वेळ होते तो झोन २. अमेरिकी पद्धतीत ० आणि १ मिळून ‘डिव्हिजन १’, तर झोन २ म्हणजे साधारण ‘डिव्हिजन २’. अमेरिकेने १९९६ मध्ये कलम ५०५ आणून वायूंसाठी झोनही मान्य केले. आता तिथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढण्यासाठी वापरलेल्या हेक्झेन या द्रावकाचे बाष्प हवेच्या जवळपास तिप्पट जड असते आणि हवेत ते एक टक्क्याच्या आसपास झाले तरी पेटू शकते. त्यामुळे पंपाभोवतीच्या मोकळ्या जागेपेक्षा खालचा खड्डा, गटार आणि केबल ट्रेंच यांचा झोन अधिक कडक धरावा लागतो.

खरा घोळ वायुगटांत आहे, कारण अक्षरांची दिशाच उलटी. आयईसीत ‘आयआयए’ (प्रोपेन) सर्वांत सौम्य, ‘आयआयबी’ (इथिलीन) मधला आणि ‘आयआयसी’ (हायड्रोजन, ॲसिटिलीन) सर्वांत घातक. अमेरिकेत मात्र ‘ए’ म्हणजे ॲसिटिलीन, ‘बी’ हायड्रोजन, ‘सी’ इथिलीन आणि ‘डी’ प्रोपेन. डिस्टिलरीतल्या इथेनॉलचे उदाहरण पाहावे. ज्वाळा पलीकडे जाऊ न देणारी कमाल सुरक्षित फट ०.९ मिमी किंवा जास्त असेल तर आयईसी त्या वायूला ‘आयआयए’त घालते. इथेनॉलची फट ०.८९ मिमी, म्हणून ते केसभराने ‘आयआयबी’त जाते. अमेरिकी यादीत तेच इथेनॉल ‘डी’ गटात, म्हणजे ‘आयआयए’च्या जोडीला. अमेरिकी डेटाशीट पाहून ‘डी म्हणजे आयआयए’ असे लावून केलेली खरेदी आपल्याकडच्या तपासणीत अडकते, आणि अडकायलाच हवी.

तापमान वर्ग, म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापू शकतो याच्या पायऱ्या, दोन्हीकडे जवळपास सारखे : टी१ (४५०° से.), टी२ (३००°), टी३ (२००°), टी४ (१३५°), टी५ (१००°), टी६ (८५°). अमेरिका मध्ये टी२ए, टी३बी अशा उपपायऱ्या घालते. हेक्झेन २३० अंशांच्या आसपास आपोआप पेटते, म्हणून त्याला टी३ किंवा त्याहून कडक वर्ग लागतो. पण हा वर्ग उपकरणाच्या पाटीवरच्या परिसर-तापमानाच्या (‘टीए’) मर्यादेतच खरा असतो. पाटीवर ‘टीए’ लिहिलेले नसेल तर मर्यादा उणे २० ते अधिक ४० अंश धरायची, असे मानक सांगते. परभणी-नांदेडात मे महिन्यात पारा ४० सहज ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली, बॉयलरच्या बाजूला तर विचारूच नये. म्हणून मराठवाड्यात ऑर्डर देताना झोन आणि गटाइतकेच ‘टीए’ महत्त्वाचे, आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा कोरे राहते.

जिनिंगमधले कापसाचे तंतू अमेरिकेत ‘क्लास ३’ या स्वतंत्र वर्गात येतात. आयईसीत ते ‘आयआयआयए’ गटात. धुळीसाठीच्या उपकरणावर आयईसी टी-वर्गाऐवजी थेट अंशच लिहिते.

प्रमाणपत्रांची गोष्ट वेगळी. युरोपातील ‘अ‍ॅटेक्स’ हा कायदा आहे. सध्याचा निर्देश २०१४/३४/ईयू २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला. त्यात कमी धोक्याच्या वर्गातील विद्युत उपकरणांसाठी उत्पादकाची स्वतःची घोषणाही चालते. ‘आयईसीईएक्स’ ही प्रमाणन-योजना असून तिथे तिसऱ्या पक्षाची तपासणी टळत नाही. पेट्रोलियम नियमांखालच्या जागांसाठी मात्र नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (केंद्र सरकारची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) मान्यता लागते, परदेशी कागद नुसता दाखवून भागत नाही.

दुरुस्तीसाठी ६००७९-१९ हा स्वतंत्र भाग आहे. साखर कारखान्यांचे गाळप संपले की मोटारी रिवाइंडिंगला निघतात. गावातल्या दुकानात वाइंडिंग उत्तम होते, पण गंजलेली फ्लँज एमरी पेपरने घासली, वरून रंग मारला किंवा बारापैकी अकराच बोल्ट परत बसवले, तर ती फट मानकातली राहत नाही. पाटीवर मात्र ‘ईएक्स डी आयआयबी टी४’ तसेच असते.